निळ्या पट्टीखालचा आकडा

चढ निम्मा सरला होता, तेव्हा तवमणी थांबली आणि तिने डावा हात वर केला.

मला वाटलं, मागून जीप येत असेल. टेकडीवरच्या या डांबरी वाटेवर जीपखेरीज दुसरी गाडी चढत नाही, आणि ती आली की वळणावर अंग चोरून भिंतीला चिकटावं लागतं. मी कडेला सरले. जीप काही आली नाही. तवमणी तशीच उभी. हात सरळ, बोटं जुळवलेली, दंड कानाला टेकलेला. शाळेतलं पोर उत्तर द्यायला हात वर करतं तसा नव्हता तो. जरासा मागे कललेला होता, पाठीमागच्या कुणाला तरी दिसावा असा.

"हा असा वर गेला," ती म्हणाली. "मी केला नाही. गेला."

"कुठे, अक्का?"

"खूच्या दुकानात."

मग हात खाली घेऊन ती पुन्हा चालायला लागली. मीही मागोमाग निघाले. तिच्याबरोबर चालायचं तर तिच्या वेळेनं चालावं लागतं, हे एवढ्या वर्षांत मला कळलेलं आहे. मलेशियातल्या पिनांगमध्ये एकाच इमारतीत राहतो आम्ही, ती नवव्या मजल्यावर, मी चौथ्या. शनिवारी सकाळी पायथ्याच्या बागेपासून निघायचं, वरच्या मुरुगनच्या, आपल्या कार्तिकेयाच्या, देवळात डोकं टेकवायचं आणि उतरताना घामाघूम होऊन कॉफी प्यायची, हा आमचा नेम. मागचे दोन शनिवार मात्र ती आली नव्हती. गुडघा दुखतो म्हणाली होती. आज तिचा गुडघा माझ्यापेक्षा बरा चालत होता.

खूच्या विजेच्या सामानाच्या दुकानात ती कशाला गेली होती ते मला ठाऊक होतं, तसं ते सगळ्या इमारतीला ठाऊक होतं. खालच्या हॉलमध्ये दर रविवारी दुरुस्तीचं टेबल मांडायचं ठरलं होतं. बंद पडलेले रेडिओ, पोरांची खेळणी, म्हाताऱ्यांची कानात घालायची ऐकण्याची यंत्रं, जे असेल ते लोकांनी आणायचं आणि ज्यांना येतं त्यांनी बसून नीट करायचं. इमारतीतल्या रोस्नी टीचर नावं घ्यायला आल्या, तेव्हा तवमणीने सर्वांत आधी नाव दिलं. "तीस वर्षं सोल्डरिंगच केलंय," ती म्हणाली. "मला एक खुर्ची ठेवा." अट एकच होती. आपापलं सोल्डरिंग स्टेशन, म्हणजे शिशाचे टाके घालायची दांडी आणि ती तापवायचं खोकं, आपण आणायचं. पुढच्या आठवड्यातल्या रविवारी टेबल सुरू होणार, तवमणीची खुर्ची ठरलेली, हॉलच्या दारावरच्या कागदावर तिचं नाव. आणि ती गेले दोन आठवडे लिफ्टऐवजी जिन्याने जा-ये करत होती, कुणी भेटू नये म्हणून.

तवमणीचा जन्म रबराच्या मळ्यातला. आई अंधारात उठून झाडांना खाचा पाडायला जायची, तिच्या बोटांवरचा चीक मरेपर्यंत गेला नाही. अठराव्या वर्षी तवमणी पत्र्याची ट्रंक घेऊन बायान लेपासच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यात आली आणि तिचे हात पांढऱ्या मोज्यांत गेले. थंडगार हवेची खोली, पांढरा कोट, डोक्याला टोपी. आई मळ्यात सांगत सुटली, माझी लेक डॉक्टरणीसारखी दिसते. बसथांब्यावरची पोरं मात्र कारखान्यातल्या मुलींना करंटवाल्या म्हणून चिडवायची. "ए करंटवाली, हात लावू का, शॉक देशील?" मुली खाली मान घालून बसमध्ये चढायच्या आणि बस हलली की खिडकीतून त्यांच्या आईबापांचा उद्धार करायच्या. त्यात तवमणीचा आवाज पहिला.

काम असं. समोर भिंगाचा दिवा, भिंगाखाली हिरवा बोर्ड, उजव्या हातात पेनासारखी तापलेली दांडी, डाव्यात शिशाची बारीक तार. दांडी टेकवायची, तार लावायची, तार उचलायची, दांडी उचलायची. मागे उरतो तो टाका. तवमणीचा टाका तांदळाच्या कणीएवढा, खाली पसरलेला, वर निमुळता, चकचकीत. कामाच्या टेबलांच्या ओळीच्या तोंडाशी एक पांढरा फळा होता. त्यावर प्रत्येकीचा नंबर आणि त्यापुढे तिने त्या दिवशी बिघडवलेले बोर्ड लाल शाईने. तवमणीच्या नंबरापुढे वर्षानुवर्षं काही लिहावं लागलं नाही. तिच्या लग्नात मैत्रिणींनी नवऱ्याला सांगितलं होतं, "वेलू, सांभाळून. हिला बिघडलेलं चालत नाही."

असा तिचा तोरा होता, आणि तो तिला शोभायचाही.

वेलू सरकारी बसवर ड्रायव्हर होता, आता निवृत्त. ती दुकानात निघाली त्या सकाळी त्याने पायरीवर बसून चप्पल पुसत विचारलं होतं, "राणीसाहेब सिंहासन घ्यायला निघाल्या का?"

"हो. तुझ्यासाठी पाट आणते."

"पाट नको. बिस्किटं आण."

खूचं दुकान जुन्या शहरात, लोखंडी सामानाच्या गल्लीत, वरच्या मजल्यावर. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांतून सगळे सुटे भाग, डब्यावर डबे छतापर्यंत. खू बनियनवर बसलेला, पुढ्यात काळी कॉफी.

"काय आंटी, मुलासाठी का?"

"माझ्यासाठी. सोल्डरिंग स्टेशन दाखवा."

"छंद लागला?"

"तीस वर्षं कारखान्यात केलंय. आता इमारतीच्या हॉलमध्ये दुरुस्तीला बसायचंय."

खूने कप खाली ठेवला. "मग मी काय दाखवणार? तूच मला शिकवायचं. बस, बस." त्याने स्वतःचं स्टूल पुढे सरकवलं. दुकानात आणखी एक गिऱ्हाईक होतं, टक्कल पडलेला एक माणूस, डब्यांत काहीतरी हुडकत होता. त्यानेही मान वर करून पाहिलं. तवमणी पदर सावरून बसली. त्या स्टुलावर आपण बरोबर जागी बसलो आहोत असं तिला वाटलं, आणि असं तिला कारखाना सुटल्यापासून कुठे वाटलं नव्हतं.

खूने एकेक काढून मांडलं. आधी एक नुसती दांडी, थेट भिंतीतल्या प्लगला लावायची. ती त्याने स्वतःच बाजूला ढकलली. "ही शाळेतल्या पोरांना. तापली की तापतच राहते." मग एक खोकं, मुठीएवढं, त्यावर गोल बटण आणि बटणाभोवती तापमानाचे आकडे, शेजारी दांडी ठेवायचा स्प्रिंगचा स्टँड आणि टोक पुसायला पितळी तारेचा काथ्या. आणि मग त्याने टेबलाखालून तिसरं वर काढलं. करड्या रंगाचं, कोपरे घासलेलं, जुनं.

तवमणीला माहेरचं माणूस भेटावं तसं झालं. तेच. बटणावरून आडवी चिकटवलेली निळी पट्टी, पट्टीवर तपासणीवाल्याची सही पुसट झालेली.

"एका बंद पडलेल्या कारखान्याचा माल घेतला," खू म्हणाला. "आहे चांगलं. पण आधी नव्यावर हात बघ. टोक कुठलं लावू?"

ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. हा प्रश्न तो दुसऱ्याच कुणाला विचारतो आहे असं तिला वाटलं.

"सुईसारखं, चपटं, की तिरकं कापलेलं?"

तिने सुईसारख्याकडे बोट दाखवलं, ते ओळखीचं होतं म्हणून.

"आणि किती ठेवू? तापमान?"

"नेहमीचं."

"नेहमीचं म्हणजे किती?"

"तुम्ही ठेवा ना. नेहमी असतं तेवढं."

खूने एकदा तिच्याकडे बघितलं, बटण फिरवलं आणि भंगारातला एक बोर्ड पुढे टाकला. तवमणीने दांडी हातात घेतली. पुढचं तिला आठवावं लागलं नाही. टेकवली, तार, उचल, उचल. एक ओळ पुरी झाली. खूने बोर्ड उजेडात धरला आणि टकल्याला हाक मारली. "ए, इकडे बघ. याला हात म्हणतात." टकल्यानेही मान डोलवली. तवमणीच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. त्या क्षणी कुणी विचारलं असतं तर तिने सगळं दुकान विकत घेतलं असतं.

"आता हे," खू म्हणाला. जाडजूड काळी वायर, आणि ती एका लोखंडी पट्टीला जोडायची. "अँप्लिफायरची आहे. हॉलमध्ये असलंच जास्त येईल तुझ्याकडे."

तिने तेच टोक टेकवलं. तार लावली. शिसं वितळलं, पण पट्टीवर पसरेना. अळूच्या पानावरच्या पाण्यासारखा गोळा झाला आणि घरंगळला. तिने पुन्हा टेकवलं. जास्त वेळ धरलं. धूर आला. वायरवरचं रबर चुरचुरलं, त्याचा घाण वास सुटला. गोळा पुन्हा घरंगळला. असं तिच्या हातून कधीच झालं नव्हतं, आणि आता काय करायचं हे तिला माहीत नव्हतं. म्हणजे माहीत होतं. हात वर गेला.

ती थांबली. पाठ ताठ, दांडी स्टँडमध्ये, डावा हात वर, नजर समोर. कारखान्यात मागे वळून बघायचं नसतं. हात वर धरायचा, कुणीतरी येतं. किती वेळ ती तशी बसली होती ते तिलाही सांगता येत नाही. तिला एवढंच आठवतं की हात दुखायला लागला नव्हता, तो खांदा सवयीचा होता.

"आंटी," टकला म्हणाला, "टीचर बाहेर गेल्यात. हात खाली घ्या."

"मी समोरच आहे," खू म्हणाला. तो हसत नव्हता. "कुणाला बोलावतेस?"

तेव्हा तिने मागे वळून बघितलं. मागे बिस्किटांचे डबे होते.

"टोक बदल ना," खू हळू आवाजात म्हणाला. "बारीक आहे ते, एवढ्या लोखंडाला त्याची उष्णता पुरत नाही. चपटं लाव. नाहीतर थोडं वाढव. बटण समोर आहे तुझ्या."

तवमणीने बटणाकडे बघितलं. हात मांडीवर पडून होता, तो उठेना. आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "मला त्याला हात लावायची परवानगी नाही."

टकला डब्यांकडे वळला.

"परवानगी कुणाची?" खूने विचारलं. "दुकान माझं आहे, आंटी. मी सांगतोय लाव."

ती उठली. काय बोलली, बोलली की नाही, तिला आठवत नाही. जिना उतरली आणि बसथांब्यावर बसली. एक बस आली, गेली. दुसरी आली, गेली. नुसतं आत सगळं थिजल्यासारखं. तिच्या समोर तीस वर्षं ते बटण होतं. रोज, हातभर अंतरावर. पट्टीखाली काय लिहिलंय हे बघावं असं तिच्या मनात कधी आलं नव्हतं. टोकं डबीतून तयार यायची. काम बदललं की रात्रीतून कुणीतरी सगळं लावून ठेवायचं आणि सकाळी ती बसायची. जाड वायरी दुसऱ्या टेबलावर, दुसऱ्या बायका करायच्या. आपण काय केलं मग एवढी वर्षं, हा प्रश्न तिला त्या बाकावर पडला, आणि त्याचं उत्तर काय येईल या भीतीने ती उठून तिसऱ्या बसमध्ये बसली.

घरी वेलूने विचारलं, "सिंहासन कुठाय?"

"दुकान बंद होतं."

वेलूने चाळीस वर्षं बस चालवली आहे, तिकिटंही तोच बघायचा. खरं तिकीट कुठलं आणि खोटं कुठलं, हे त्याला चेहऱ्यावरून कळतं. तो "बिस्किटं पण बंद होती वाटतं," एवढंच म्हणाला आणि चहा टाकायला उठला.

हे सगळं तिने मला चढावर, तुकड्या-तुकड्याने सांगितलं. मधे चहाचा विसावा येतो. तिथे म्हातारे चिनी लोक स्वतः किटल्या वाहून आणून येणाऱ्या-जाणाऱ्याला फुकट चहा देतात. तिथेही ती थांबली नाही. नेहमी तिथे तिची आणि किटलीवाल्याची जुगलबंदी होते, आज तो हाक मारत राहिला आणि ही निघून गेली. मी हात जोडून त्याची माफी मागितली आणि तिला गाठलं.

"तू कुणाला सांगितलंस का हे?" मी विचारलं.

"हस्माला."

हस्मा तिची लाइन लीडर होती, ओळीवरची मुकादम. तवमणीचा हात वर गेला की जी यायची ती हीच. निवृत्त होऊनही आता बराच काळ झाला. तवमणीने तिला मासळीबाजारात गाठलं. हस्मा सुरमईच्या डोक्यासाठी घासाघीस करत होती.

"कक, एक विचारू?" तवमणी म्हणाली. ताई म्हणावं तसं इथे मलय बायकांना कक म्हणतात.

"विचार. पण या चोराला आधी आवरू दे. डोक्याचे एवढे मागतो, जसा मासा परीक्षा पास झालेला."

"आपल्या ओळीवर तापमान किती असायचं?"

हस्मा हसली. "आता कशाला? परत कामाला बोलावलं का तुला?"

"सांग ना. मी हात वर केला की तू यायचीस. तू बटणाचं काय करायचीस?"

"मी?" हस्माने पिशवी खाली ठेवली. "मी कुठे बटणाला हात लावत होते? मी यायचे, बघायचे, आणि तंत्रज्ञ पोराला खूण करायचे. दोन बोटं अशी. तो किल्ली घेऊन यायचा."

"किल्ली?"

"मग. पट्टी काढायला त्याचं काहीतरी असायचं. तो इंजिनिअरला विचारून यायचा." हस्मा बोलता बोलता थांबली. "तवमणी, मलाही माहीत नाही ग आकडा. सगळ्या ओळीवर मी मिरवत होते, आणि मीही बोटंच दाखवत होते."

मासेवाला म्हणाला, "घेताय का आता, की नुसत्या गप्पा?" हस्मा त्याने सांगितलेल्या भावाने डोकं घेऊन निघून गेली. हस्माने मासेवाल्याचं ऐकलं, असं तवमणीने आयुष्यात पहिल्यांदा बघितलं.

मला हे ऐकून काय वाटलं ते नीट सांगता येत नाही. पायाखालची पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि ती नसावी, तसं झालं. या बाईचा हात मी किती वर्षं बघत आले आहे. चकलीचा साचा असो की देवापुढची रांगोळी, तिचा हात चुकत नाही. आणि ती मला सांगत होती की हा हात तिचा नव्हताच.

मी सरळ आपलं म्हणाले, "मग शीक की, अक्का. बटण फिरवायला किती दिवस लागतात?"

ती वळली. चढ तीव्र होता आणि तिला धाप लागलेली, तरी तिचा आवाज चढला. "कशावर शिकू? खू काय म्हणाला माहितीये? ढीगभर बोर्ड जाळशील तेव्हा बटण कळेल. मी जाळू? मी? फळ्यावर माझ्या नंबरापुढे एकदा एक आकडा लागला होता, तर मी दोन दिवस जेवले नव्हते. कारखान्याच्या वसतिगृहातल्या पोरींनी ताट पुढे धरलं होतं. तुला बटण दिसतं. मला तो फळा दिसतो."

"आता फळा नाहीये."

"हॉलच्या दारावर कागद आहे. त्यावर माझं नाव आहे."

आम्ही उरलेला चढ चढलो.

देवळात सकाळची पूजा होऊन गेली होती. कापराचा वास होता, मोर रंगवलेल्या भिंतीवर ऊन आलं होतं. तमिळ माणसं मुरुगनपुढे हात डोक्यावर उंच जोडतात, तवमणी तर एवढे उंच की बांगड्या कोपरापर्यंत घसरतात. आज तिने हात छातीपाशीच जोडले. मी बघितलं आणि डोळे मिटून घेतले. मला संस्कृत फारसं येत नाही, मोठमोठी स्तोत्रंही येत नाहीत. मी देवाला एवढंच म्हणाले की बाबा, हिला तिच्या खुर्चीवर बसव. कसं ते तू बघ.

बाहेर कट्ट्यावर बसून आम्ही पाणी प्यायलो. तिने पिशवीतून केळीच्या पानातला भात काढला, माझ्यासाठी वेगळा, सुकटीशिवाय. एक घास खाल्ला आणि पान तसंच ठेवलं.

"काल परत गेले होते," ती म्हणाली.

"खूकडे?"

"हं. तो माणूस वाईट नाही. मला बघून त्याने त्या दिवशीचं काही काढलं नाही. स्टूल पुढे केलं. मी म्हटलं, ते जुनं दाखव, निळ्या पट्टीचं."

ते घेतलं असतं तर तिची अडचण सुटणार होती. बारीक कामं तिने केली असती, कणीएवढे टाके घातले असते, लोकांनी वाहवा केली असती. जाड वायर आली की म्हणायचं, हे माझं काम नाही, पलीकडे द्या. कुणाला काही कळलं नसतं. हे मला जसं सुचलं तसं तिलाही सुचलं असणार.

"पिशवीत घातलंसुद्धा होतं त्याने," ती म्हणाली. "मग मी म्हटलं, पट्टी काढ. तो म्हणाला, काढली की याची किंमत जाते, ओळखीची खूण आहे. मी म्हटलं, काढ. त्याने नखाने काढली."

"काय होतं?"

"साडेतीनशे."

खाली समुद्र होता, पुलावरून गाड्या मुंग्यांसारख्या चालल्या होत्या.

"साडेतीनशे, तंगच्ची," धाकट्या बहिणीला हाक मारावी तसं ती म्हणाली. "मी विचारलं त्याला, हे काय असतं? तो म्हणाला, काही नसतं, कुणीही दुकानातून खोकं घरी नेलं की पहिल्यांदा एवढंच लावून बघतं. सगळं जग तिथून सुरुवात करतं." तिने स्वतःच्या तळहाताकडे बघितलं. "मी तिथेच तीस वर्षं बसले होते. सुरुवातीवर."

मला वाटलं आता ती रडेल. तिला रडू आलं नाही. चेहऱ्यावर अजून तोच थिजलेपणा होता, फक्त त्याच्या आत काहीतरी हललेलं होतं.

"मग जुनं नाही घेतलं?"

"नाही. बटणवालं घेतलं. नवं. आणि टोकं तिन्ही जातीची. खूने विचारलं, खात्री आहे का. म्हटलं, नाही." पानाची घडी घालत ती म्हणाली, "घरी नेऊन टेबलावर ठेवलंय. वेलू म्हणतो, याला आरती करायची की वापरायचं? रात्री मी एकदा बटण फिरवलं. प्लग न लावता. नुसतं. साडेतीनशेवरून चारशेवर. कुणी आलं नाही."

"चांगलं केलंस, अक्का."

"चांगलं कुठलं? अजून काहीच केलं नाही." ती माझ्याकडे वळून बसली. तिची नजर मी टाळू शकत नव्हते. "ऐक. खू मला पोतंभर भंगार देतो म्हणाला, जाळायला. मी नको म्हटलं. भंगाराचं कुणाला काही वाटत नाही, ते जळलं तर हातालाही काही वाटणार नाही. हॉलमध्ये माणसं आपापल्या घरातलं आणणार आहेत. कुणाच्या आईचं, कुणाच्या बापाचं. तेव्हा माझा हात पुन्हा वर गेला तर?"

"मग मी काय करू?"

"तुझ्या घरात असेल ना काहीतरी. बंद पडलेलं, पण तुला टाकवत नाही असं."

माझ्या डोळ्यांपुढे लगेच आलं. कपाटात वरच्या फळीवर, साडीच्या कापडात गुंडाळून ठेवलेला आईचा टेपरेकॉर्डर. मी लग्न होऊन निघाले तेव्हा तिने माझ्या ट्रंकेत स्वतःच्या हाताने ठेवलेला. कुणाला बोलले नव्हते मी त्याबद्दल. पण तवमणीने माझा चेहरा बघितला असणार.

"आहे," ती म्हणाली. "ते मला दे. नीट करून देते असं मी म्हणत नाहीये, तंगच्ची, ते नीट ऐक. मला ते बिघडवायला दे. आणि बिघडलं तर माझ्यावर रागव. कारखान्यात कुणी रागवायचं नाही, नुसता आकडा लिहून निघून जायचे. तू वर ये, माझ्या दारात उभी राहा, आणि काय बोलायचं ते मला तोंडावर बोल."